देवचाराची आर्मान्याक

आमच्या घरी बाळाच्या औषधांचं एक लहानसं कपाट आहे. त्यात ग्राइप वॉटर, एरंडेल, बाळगुटीची डबी, वेखंड आणि काच धूसर झालेला थर्मामीटर अशी मंडळी भांडणतंटा न करता राहत होती. गोव्याला राज्य मिळालं त्या साली त्यांच्यामध्ये तीस वर्षांची एक फ्रेंच बाटली येऊन उभी राहिली आणि माझी झोप गेली. तशी ती आधीच गेलेली होती, कारण स्नेहा तेव्हा आठ महिन्यांची होती. पण मुलीने घालवलेली झोप मुलगी दुपारी थोडीफार परत करते. बाटलीने घालवलेली झोप परत मिळत नाही.

हे मी स्नेहा निजली आहे तेवढ्यात लिहिते आहे. मध्येच एखादं वाक्य लटकलेलं दिसलं तर ती उठली असं समजावं.

स्नेहा पायाळू. म्हणजे या जगात येताना आधी पाय, मग बाकीची. सुईणीने हात टेकले तेव्हा पेडण्याहून डॉक्टर रामचंद्रबाब आपल्या खडखडत्या मोटारीने आमच्या गावी, हळर्णला आले. आल्या आल्या त्यांनी घरातल्या सगळ्या रडणाऱ्या माणसांना अंगणात हाकललं, त्यात आमचे हेही होते. नंतरचं मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं, की एक म्हातारा शांत आवाज कुणाला तरी समजावत होता, "घाई नाही. सावकाश. डोकं तेवढं राहिलंय." तो मला समजावत होता, की तिला, की स्वतःला, कोण जाणे. त्यांचे हात आणि त्यांच्या बॅगेतला तो चिमटा नसता, तर आज लिहायला मी नसते आणि निजायला ती नसती.

बारशाला यांनी डॉक्टरांपुढे पाकीट धरलं.

"पाकीट खिशात घाल, सुभाष," डॉक्टर म्हणाले. "अगदी द्यायचंच असेल तर एक आर्मान्याक दे! लिस्बनला शिकत होतो तेव्हा प्यायलो होतो. ती चव अजून जिभेवरून उतरत नाही."

सगळे हसले. आमचे हे हसले नाहीत. यांच्या स्वभावात विनोद ही वस्तूच नाही. डिचोलीच्या खाण कंपनीत हे हिशेबनीस आहेत. साहेब एकदा गमतीने म्हणाले होते, "सुभाष, तू काय खाणीतच राहतोस की काय?" तर दुसऱ्या दिवशी हे घरपट्टीची पावती घेऊन साहेबांसमोर उभे. अशा माणसासमोर आर्मान्याकचं नाव काढायचं म्हणजे काय होणार?

"आर्मान्याक म्हणजे काय हो, डॉक्टरबाब?" यांनी विचारलं. आणि खिशातून पेन काढलं.

डॉक्टर रंगात आले. बारशाच्या घुगऱ्या खात त्यांनी आम्हाला समजावलं, की फ्रान्सात द्राक्षांची दारू उकळून, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं निजवून दोन थोर ब्रँड्या करतात. एक कोन्याक, दुसरी आर्मान्याक. "कोन्याक म्हणजे आपली पणजी. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं, जगभर ओळखी. आर्मान्याक म्हणजे आपलं पेडणं. कुणाला ठाऊक नाही, जरा राकट, पण एकदा ओळख झाली की सुटत नाही." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या मनात राहून गेली. ही ब्रँडी वाढते ती पिंपात. बाटलीत भरली की तिचं वय तिथेच थांबतं. मला तिचा हेवा वाटला. मी स्वतः त्या बारा दिवसांत बारा वर्षांनी म्हातारी झाले होते.

पुढे कळलं, की डॉक्टर पेडणं कायमचं सोडून पुण्याला लेकीकडे चालले आहेत. जावई निर्व्यसनी आहे आणि रोज सकाळी सगळ्यांना कारल्याचा रस देतो. ते ऐकून यांनी निश्चयच केला. डॉक्टर जायच्या आत आर्मान्याक आणायची.

यांचा चुलतभाऊ जयराम मुरगावच्या बंदरात कामाला आहे. बोटीवरच्या कुणा आचाऱ्याला त्याने सांगितलं, की घरी बाळंतीण फार अशक्त आहे, तिला जुन्यात जुनी ब्रँडी हवी. फ्रेंच आचाऱ्याला ही गोष्ट इतकी रास्त वाटली, की त्याने आपल्या ओळखीने खरोखरीची आर्मान्याक मिळवून दिली. काळी, बुटकी, मानेला लाल लाख लावलेली, लेबलावर हाताने लिहिलेलं साल. किंमत इथे पुन्हा काढत नाही. सासूबाईंना वाचता येतं.

"कागदपत्रं सगळी बरोबर आहेत ना रे?" मी जयरामला विचारलं.

"एकदम बरोबर, वैनी." आणि त्याने फ्रेंचमध्ये काहीतरी खरडलेली एक चिठी माझ्या हातात दिली. ती वाचून दाखवायला त्या क्षणी बंदराजवळच्या आख्ख्या वास्को शहरात कुणी नव्हतं.

बाटली आणायला मीही गेले होते, याचं कारण यांचा एक सिद्धान्त. लेकुरवाळ्या बाईची पिशवी कुणी तपासत नाही. तपासण्यासारखं काही नाही, सगळं कायदेशीर आहे, असं हे म्हणत होते. मग मी कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "असावं बरोबर."

माझी भीती ज्यांना हास्यास्पद वाटेल त्यांना एवढंच सांगते, की माझं माहेर सावंतवाडीचं. गोव्यातून परतणारी एस. टी. नाक्यावर थांबायची, खाकीतला माणूस चढायचा आणि एकेका पिशवीवर काठी टेकवत "यात काय?" विचारत यायचा. आमच्या पिशवीत नेहमी काजूगर आणि पावच असायचे, तरी मला रडू फुटायचं. तेव्हापासून बाटली म्हटली की मला घाम सुटतो, मग ती खोबरेल तेलाची का असेना.

मांडवीवरचा पूल आदल्या वर्षी पडला होता, त्यामुळे पणजीहून फेरीबोटीने बेतीला जावं लागे. बाटली दुपट्यांत गुंडाळून, दुपटी पिशवीत, पिशवी खांद्याला, स्नेहा कडेवर, अशी मी फळीवर पाय ठेवते तोच समोर पोलीस. चांगला दणकट, मिशीवाला.

"बाय, पिशवी दी हांगा. फळी निसरडी आसा."

आणि माझं उत्तर यायच्या आत पिशवी त्याच्या हातात. मी यांच्याकडे पाहिलं. हे चार माणसं सोडून, नदीकडे तोंड करून, आमची ओळख नसल्यासारखे उभे होते. लग्नात अंतरपाटाच्या पलीकडेही हे इतके परके वाटले नव्हते.

"कितें गो इतकें जड?"

"दूध," मी म्हणाले.

"एवढें दूध पिता? मग पोलिसांत भरती करया!" तो खदखदून हसला. त्याच्याही घरी एवढीच मुलगी होती. तिचे दात, तिचा खोकला, तिची झोप, सगळं त्याने बेतीपर्यंत सांगितलं आणि पिशवी थेट म्हापशाच्या बसपर्यंत आणून दिली. उतरताना त्याने ती जरा आपटली. आतून टक् असा आवाज आला. माझं हृदय तेवढ्यापुरतं थांबलं होतं. ते पुन्हा कधी सुरू झालं ते मला अजून सांगता येत नाही.

बसमध्ये हे शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "बघ, सांगितलं नव्हतं? लेकुरवाळ्या बाईला कुणी विचारत नाही."

मी स्नेहाला यांच्या मांडीवर ठेवलं आणि दुपट्यांत हात घालून बाटली चाचपली. शाबूत होती.

घरी आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारातच होत्या. बाटली पाहून म्हणाल्या, "हें कितें रे?"

किंमत सांगायची वेळ येऊ नये म्हणून हे घाईने म्हणाले, "ब्रँडी, आई. बाळाची. थंडी झाली तर छातीला लावायला."

सगळ्या अनर्थाचं मूळ ते हे वाक्य. बाळाची म्हटल्यावर बाटली बाळाच्या कपाटात गेली, आणि बाळाच्या कपाटावर आमच्या घरी आईंचं राज्य. रविवारी डॉक्टरांना जेवायला बोलवायचं, तेव्हा काहीतरी निमित्ताने बाटली काढायची, सोमवारी ते जाणार, असा यांचा बेत. तोवर चार दिवस बाटली सांभाळायची कुणी? अर्थात मी.

दुसऱ्याच दिवशी स्नेहाला शिंक आली. एकच. आई चमचा आणि सुरी घेऊन कपाटापाशी हजर. मी धावले.

"आई, अजून थंडी नाही लागली तिला!"

"लागल्या उपरांत लावन कितें करतलें?"

शेजारच्या मंगलवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "छातीला लावून काय होतं गो? दोन थेंब पोटात जाऊ देत. माझ्या पाचही पोरांना मी दिले." त्यांच्या पाचातला थोरला त्या वेळी सकाळच्या उन्हात अंगणात आडवा झोपला होता.

दुसऱ्या बाजूचे बाबुराव अबकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना वास आल्याशिवाय कसा राहील? बाटली उघडलेलीही नव्हती, तरी आला. ते ओसरीवर येऊन बसले, चहा घेतला, फ्रेंच चिठी उलटसुलट पाहिली आणि गंभीर झाले.

"हे पावतीसारखं दिसतंय खरं. पण वॉरंटही असू शकतं."

"अहो, वॉरंट फ्रेंचमध्ये कसं असेल?"

"फ्रेंच बाटलीचं असेल तर?" बाबुराव म्हणाले. "घाबरू नको. बाटली घरात असणं हा गुन्हा नव्हे. पण आता राज्य झालंय. नवीन राज्य म्हणजे नवीन सुनेसारखं. पहिले सहा महिने घर फार झाडून काढतं."

मी नवीन सून होते तेव्हा खरंच फार झाडून काढत असे. म्हणून मला ते एकदम पटलं. त्यानंतर रस्त्यावर कुठलीही जीप थांबली की मी जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेत होते. एकदा तर पदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला, आणि मी पाव न घेताच कडी लावून बाळाला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले.

आणि मग शुक्रवारी स्नेहाला खरंच ताप आला.

इथे मला गंमत सुचत नाही. ज्यांनी आठ महिन्यांच्या जिवाचं तापलेलं कपाळ आपल्या गालाला लावलंय त्यांना सांगायला नको. ती रडतसुद्धा नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी करीन म्हणून. हे मोटरसायकल मागून आणून डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांच्या घरी ट्रंका बांधून ठेवलेल्या, खुर्च्या दोरीने आवळलेल्या, त्या पसाऱ्यातून बॅग शोधून ते तसेच आले. औषध दिलं, म्हणाले, "सकाळपर्यंत उतरेल. आईच आधी थरथरायला लागली तर लेकीने काय करावं?"

ते गेले आणि तिन्हीसांज झाली. आई तुळशीपाशी गेल्या, तिथून वळून हळर्णच्या किल्ल्याच्या बाजूच्या डोंगरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पदर पुढे धरून म्हणाल्या,

"राखणदारा म्हाराजा, ह्या ल्हान जिवाचो ताप देंवय. घरांत तिची विलायती बाटली आसा. अजून फोडूंक ना. तशीच हाडून तुज्या फुड्यांत दवरतां."

ही झाली आंगवण, म्हणजे नवस. राखणदार म्हणजे आमच्या गावाचा देवचार. शीव सांभाळतो, खांद्यावर कांबळं आणि हातात काठी घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि फसवणाऱ्याला घराच्या दारातच वाट चुकवतो. त्याला वर्षाकाठी पाव, विडी आणि दारू द्यायची रीत आहे. मी विज्ञानाची पदवीधर आहे. कॉलेजात असताना असल्या गोष्टींना हसणाऱ्यांत मी पुढे होते. पण त्या संध्याकाळी आईंचा पदर पसरलेला पाहिला आणि मी दारातच हात जोडले.

सकाळी ताप उतरला. स्नेहाने माझं नाक पकडलं आणि हसली. मी तिला घेऊन घरभर नाचले, आणि नाचता नाचता कपाटासमोर येऊन थबकले.

एक बाटली. तिच्यावर हक्क सांगणारे दोघे. ज्याने मुलगी जगात आणली आणि आत्ता औषध दिलं तो म्हातारा डॉक्टर, ज्याला सोमवारनंतर कारल्याच्या रसाशिवाय काही मिळणार नव्हतं. आणि ज्याला माझ्याच मुलीच्या जिवासाठी शब्द दिला गेला होता तो देवचार. डॉक्टरांना दिली तर मुलीवर काय येईल? देवचाराला दिली तर डॉक्टरांना कुठल्या तोंडाने निरोप देऊ?

मी आईंना सगळं सांगून टाकलं. किंमत सोडून. त्या म्हणाल्या, "म्हाका आदीं सांगिल्लें जाल्यार हांवें फेणी आंगवली नासती?" आणि यांच्याकडे असं पाहिलं, की हे थेट विहिरीवर जाऊन पाणी ओढायला लागले. पाणी भरलेलं होतं.

"अर्धी अर्धी वाटली तर?" मी विचारलं.

"फोडिल्ली बाटली देवचाराक चलना गो. उष्टी जाता."

ही बातमी कुंपणांपलीकडे जायला वेळ लागला नाही. बाबुरावांनी सुचवलं, की बाटलीतली ब्रँडी सुईने काढून आत चहाचं पाणी भरावं. "रंग एकच. देवचार काय लेबल वाचणार आहे?" मंगलवहिनींनी लगेच तोंडात बोटं घातली. मांद्र्याचा त्यांचा कुणी मामा, त्याने म्हणे एकदा पाणी घातलेली दारू देवचाराला दिली, तर स्वतःच्या माडांच्या कुळागरात, आपल्याच बागेत, सकाळपर्यंत गोल गोल फिरत राहिला. घर दिसत होतं, दिवा दिसत होता, दार सापडत नव्हतं. "आणि त्याने नुसतं पाणी घातलं होतं, चहा नव्हे," असं म्हणून वहिनी आत गेल्या. मी स्नेहाला घट्ट धरलं. मला आता दोन दोन खात्यांची भीती होती, अबकारी आणि त्याच्यावरचं.

रविवारी डॉक्टर जेवायला आले. मी वाढत होते, पण माझ्या हातून आमटी भातावर न पडता पाटावर पडत होती.

"काय झालं, बाय?" डॉक्टर म्हणाले. "मूल बरं, नवरा धड, मग तुझा चेहरा असा का?"

मी पळी खाली ठेवली आणि रडायला लागले. रडत रडत सगळं सांगितलं. फेरीबोटीतला पोलीस, फ्रेंच वॉरंट, शिंक, ताप, पदर, सगळं. डॉक्टरांनी आर्मान्याक हा शब्द ऐकला मात्र, त्यांचा घास हातातच राहिला.

"सुभाष," ते हळूच म्हणाले, "तू खरंच आणलीस?"

"तुम्ही सांगितलं होतं ना," हे म्हणाले.

डॉक्टर हात धुवून आले. "चला. आंगवण ती आंगवण. निदान तिचं दर्शन तरी घेतो."

शिवेवरचं देवचाराचं स्थान म्हणजे एक जुना आंबा आणि खाली शेंदूर नसलेला साधा दगड. देवचाराला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने विनंती, घालायचा मान गावच्या घाड्याचा, शांतारामचा. गाऱ्हाणं झालं, की दगडावर थोडी दारू शिंपडायची आणि उरलेली बाटली घाड्याची, अशी परंपरेची वाटणी. ती कळल्यावर डॉक्टरांनी शांतारामकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पूर्वी फक्त हुंड्याच्या बैठकीत पाहिली होती.

शांतारामने पाव ठेवला, विडी ठेवली, बाटली ठेवली आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान तुजो आधार मागलो..." आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. डॉक्टर सगळ्यांत मोठ्याने.

मग त्याने लाख खरवडली आणि बूच ओढलं. तीस वर्षं निजलेलं बूच, ते अर्धं त्याच्या हातात आलं, अर्धं मानेत राहिलं. शांतारामने दोनदा बोट घातलं, एकदा काटकी घातली. बूच आणखी आत गेलं.

"फोडया मान," तो म्हणाला आणि बाटली दगडावर आपटायला उचलली.

"फोडूंक ना अशें सांगिल्लें हांवें!" आई ओरडल्या. देवचाराला दिलेला शब्द होता तो, आणि तो मोडला तर कुणावर येणार ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी स्नेहाचं डोकं माझ्या खांद्याशी दाबून धरलं. आंब्याखाली एकदम सामसूम झाली. वाराही नव्हता. मला त्या दगडामागे कांबळं दिसतंय असं वाटायला लागलं होतं.

"आण इकडे," डॉक्टर म्हणाले.

ते खाली मांडी घालून बसले, बाटली मांडीवर आडवी घेतली, सवयीने बरोबर आणलेली बॅग उघडली आणि बारीक चिमटा काढला. चष्मा कपाळावर सरकवला. हात आता थोडे थरथरत होते. मग थांबले.

"घाई नाही," ते बाटलीला म्हणाले. "सावकाश. डोकं तेवढं राहिलंय."

तो आवाज. मी आईंकडे पाहिलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावला होता. आम्ही सगळे त्या बाटलीभोवती असे उभे होतो, की वाटेने कुणी गेलं असतं तर त्याने विचारलं असतं, मुलगा की मुलगी?

उरलेलं बूच आलं. अख्खं. एक कपचीसुद्धा आत पडली नाही. स्नेहाने टाळी वाजवली, आणि आंब्याखाली असा वास पसरला, की काय सांगू, जुन्या लाकडी पेटीत कुणी पिकली आलुबुखारं ठेवून विसरून गेलंय आणि

उठली होती. पाणी मागत होती. आता पुन्हा निजली.

शांतारामने दगडावर दारू शिंपडली, मग मानाप्रमाणे करवंटीत ओतून एक मोठा घोट घेतला. त्याचा चेहरा आधी लांब झाला, मग आखूड झाला. हयातभर काजूची फेणी प्यायलेला माणूस तो.

"हें कितें?" तो म्हणाला. "जळिल्ल्या वाशाचें उदक? सुभाष, तुका कोणें तरी फसयलो रे!" आणि उरलेली बाटली त्याने हाताने लांब सारली. "म्हाका नाका. कोणाक जाय ताणें व्हरची."

डॉक्टरांनी करवंटी धुतली, पुसली, तिच्यात बोटभर ओतली, तळव्यांत धरून ऊब दिली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मी इतक्या वर्षांत देवळात कुणाला इतकं मन लावून डोळे मिटताना पाहिलेलं नाही. घोट घेतल्यावर बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "हीच ती." एवढंच. मग यांच्या खांद्यावर हात ठेवला. यांना त्यावर काय करायचं ते सुचेना, म्हणून यांनी बूच खिशात घातलं.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी झाले असते. पण शांताराम प्रामाणिक माणूस. देवाला आवडलं की नाही ते विचारल्याशिवाय तो उठत नाही. त्याने दोन पानं ओली करून दगडाला चिकटवली. उजवं पडलं तर होकार.

"म्हाराजा, पावलें मू तुका?"

उजवं पान टपकन पडलं.

"आंगवण पावली, आतां हें दर वर्साचें. फुडल्या वर्सा फेणी हाडूं?"

पान हललं नाही. वाट पाहिली. नाही.

"काजूची पयली धार, हुर्राक?"

नाही.

शांताराम खिन्न झाला. स्वतःच्या हक्काचं आहे म्हणून तरी त्याने खोटं बोलावं की नाही? नाही बोलला. तोंड कडू करून त्याने विचारलं, "मग हीच, जळक्या वाशाची?"

पान त्याचं वाक्य संपायच्या आत पडलं.

हे खाली आंब्याच्या मुळावर बसले. आईंनी कपाळाला हात लावला आणि मग, फार वेळ धरून ठेवलेलं विचारलं, "सुभाष, किती पडली रे ही बाटली?" यांनी सांगितलं. त्या दिवशी आंब्याखाली दुसऱ्यांदा सामसूम झाली.

फक्त डॉक्टर हसत होते. बाटलीला दुसरं बूच लावून त्यांनी ती ट्रंकेतल्या धोतरांत गुंडाळून पुण्याला नेली. प्रसाद म्हटल्यावर निर्व्यसनी जावई काय बोलणार? मोटारीत बसताना म्हणाले, "बाय, पुढच्या वर्षी मी येणार. घाड्याने मागे ठेवलेलं वाया जाता कामा नये."

त्याला आता वर्ष होत आलं. जयरामने त्या आचाऱ्याला गाठून सांगितलं, की बाळंतीण अजून अशक्तच आहे. नवी बाटली पुन्हा ग्राइप वॉटरशेजारी उभी आहे, तसलीच बुटकी, मानेला लाल लाख. बाबुराव रोज चहाला येतात. स्नेहा आता चालते, कपाटाशी जाऊन "देव, देव" करते. मला पोलिसांची भीती उरलेली नाही, जीप थांबली तरी मी जनेल लावत नाही. देवचाराचीही फारशी नाही. त्याने शब्द पाळला, आम्ही पाळतोय.

पण पुण्याहून आलेले पाहुणे सांगत होते, की डॉक्टरांचे हात आता फार थरथरतात, आणि लेक त्यांना एकट्याने प्रवासाला सोडत नाही. देवचाराचा रविवार जवळ येतो आहे. दुपारी सगळे निजले की मी कपाट उघडते आणि त्या लाखेवर नुसतं बोट ठेवून बघते. आतलं बूच जुनं असणार. ओढलं तर तुटणार. आणि ते सावकाश, घाई न करता काढणारं आमच्याकडे दुसरं कुणी नाही.